नंदूदादाची नोकरी

पाटणकर काकांच्या घरात कॅलेंडरं फार होती. खोली बघायला गेले त्या दिवशी सगळ्यात आधी तेच लक्षात आलं. स्वयंपाकघरात दोन, जिन्यात एक, बेसमेंटकडे जाणाऱ्या बोळात एकापुढे एक तीन. काही पुण्याहून आणलेली, काही देशी ग्रोसरीवाल्यांनी फुकट वाटलेली, एक तर जुन्या सालचं. आणि सगळी भलत्याच उंचीवर. जिन्यातलं कॅलेंडर माझ्या गुडघ्याशी होतं. तिथे वाकून तिथी कोण बघणार, असं मनात आलं, पण विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. महिन्याभराने हीटरच्या झोतात ते कॅलेंडर उडून खाली पडलं आणि मागची भिंत दिसली. भोक होतं. बाकीच्या कॅलेंडरांमागची भोकं मुठीएवढी निघाली. हे एकच बुटाचं होतं.

मी तेव्हा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये एका सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आले होते. एकटी मुलगी, नवीन देश, म्हणून ऑफिसमधल्या कुणीतरी मराठी घर शोधून दिलं. काकांनी तीस वर्षं कार कंपनीत इंजिनिअर म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी गेज बनवण्याचं छोटं वर्कशॉप काढलं होतं. गेज म्हणजे माप तपासण्याचं हत्यार. तयार झालेला भाग त्यात बसला तर पास, नाहीतर लाल पेटीत. काका हे सगळ्यालाच लावत. नवीन सिनेमा, काकूंचं दही, तिथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीतला उमेदवार. "बसला तर बसला, नाहीतर लाल पेटी," असं म्हणून चष्मा पुसत. घरात एका माणसाला मात्र त्यांनी कधी गेज लावलं नव्हतं. तो बेसमेंटमध्ये राहायचा.

नंदूदादा मला पहिल्यांदा गॅरेजमध्ये भेटला. सहा फुटांच्या वर उंची, डोक्याचा गोटा, आणि पाठ भिंतीला टेकवलेली. तो नेहमी तसाच उभा राही.

"न्यू टेनंट? कुठली?"

"पुण्याची."

"ओके, पुणे." त्या दिवसापासून माझं नाव पुणे. त्यालाही सैन्यात कुणी नंदन म्हणत नव्हतं, पाटणकरचं पॅट करून टाकलं होतं. "नंदूदादा" म्हटल्यावर तो आधी हसला. "दादा? लाइक, माफिया?" मग म्हणाला, "फाइन. पण एक रूल आहे. माझ्या मागून यायचं नाही. नेव्हर. यायचं असेल तर आवाज कर. गाणं म्हण, शिव्या दे, काहीपण."

कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं मी उत्तरं इतकी हळू दिली की सिस्टर मला उभं करून पुन्हा म्हणायला लावत. त्या घरात मी लाँड्री घेऊन बेसमेंटच्या जिन्यावरून "पुणे येतेय!" असं ओरडत उतरायला शिकले. तोही हा नियम पाळायचा. काकू ओट्याशी असल्या तर दारातूनच मोठ्याने म्हणायचा, "आई, मागून येतोय." मग दोन ढांगांत फ्रिजपाशी. काकू मागे न बघता म्हणायच्या, "ये रे बाबा, ये."

त्याचं मराठी लहानपणी शिकून तसंच राहिलेलं होतं. तो डेट्रॉइटजवळ जन्मला, तिथेच वाढला. कॉलेज अर्धवट सोडून राखीव सैन्यात गेला, तेव्हा काकांनी मंडळात सांगितलं की मुलगा एमएस करतोय. इराकचं युद्ध सुरू झालं आणि त्याच्या तुकडीला बोलावणं आलं. तेव्हा एमएसची गोष्ट टिकली नाही. वर्षभराने तो परत आला. पाठीचे दोन मणके धातूच्या पट्टीने जोडलेले, डाव्या कानात अखंड शिट्टी आणि उजवा हात इतका कापरा की चमचा मुठीत धरावा लागे.

माझा प्रेशर कुकर आईने पुण्याहून बॅगेत घालून दिला होता. काकूंकडे कुकर नव्हता. त्या डाळ साध्या पातेल्यात तासन्‌तास शिजवत. मला वाटलं, जुनी सवय असेल. एका शनिवारी त्या बाहेर गेल्या होत्या. मी वरण लावलं आणि कांदा चिरायला घेतला.

शिट्टी झाली. खालून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला, आणि मग जिना. तो जिना चढून आला म्हणता येणार नाही, तो जिना तोडतच वर आला. मी वळेपर्यंत त्याने कुकर उघड्या हातांनी उचलला होता. मला खांद्याने जमिनीवर पाडून, माझ्या अंगावर अर्धा वाकून, त्याने तो मागच्या काचेच्या दारातून बाहेर फेकला. अख्खं दार खाली आलं. कुकर गवतावर आपटला, झाकण उडालं, पिवळी डाळ कुंपणापर्यंत गेली. "डाऊन! स्टे डाऊन!" तो माझ्या कानात ओरडत होता. माझं तोंड फरशीला दाबलेलं होतं. दातांत ओठ सापडून रक्त येत होतं आणि मला समोर फक्त कांद्याचे तुकडे दिसत होते.

किती वेळ गेला माहीत नाही. काकू आल्या. त्यांनी पर्स खाली ठेवली, दोन्ही हात दिसतील असे पुढे धरले आणि त्याच्या समोरच्या बाजूने, काचांवरून, सावकाश चालत आल्या.

"नंदू," त्या म्हणाल्या, "आपण घरात आहोत."

त्याने मान हलवली नाही.

"आपण घरात आहोत, नंदू. मी आई. ही पुण्याची मुलगी. आपण घरात आहोत."

हळूहळू तो माझ्या अंगावरून उठला. तळहातांची कातडी सोलून निघाली होती. तसाच उकिडवा बसून तो काचा वेचू लागला. "सॉरी. सॉरी यार, पुणे. तुझा दाल." हॉस्पिटलमध्ये जायला तयार होईना. काकूंनीच हात थंड पाण्याखाली धरले.

दोन आठवड्यांनी, बँडेज बांधलेल्या हातांनी, त्याने मला नवीन कुकर आणून दिला. शिट्टी काढून टाकली होती. "नाऊ इट्स अ पातेलं," तो म्हणाला. शिट्टीशिवाय कुकरचा उपयोग शून्य, हे त्याला माहीत होतं. मला हसू आलं, आणि ते बघून तोही इतका हसला की पाठीला हात लावून त्याला भिंत धरावी लागली.

शिट्टीचं कारण त्याने पुढे एकदा गाडीत सांगितलं. माझी गाडी बर्फात अडकली म्हणून तो मला ऑफिसला सोडत होता. वरून पूल आला की तो ऐन वेळी लेन बदलायचा, पुलावरून कुणी काही टाकलं तर आपण खाली सापडू नये म्हणून. मागून हॉर्न, शिव्या, मधली बोटं. तो शांतपणे म्हणाला, "तिकडे मी फ्यूएल टँकर चालवत होतो. टँकर फुटायच्या आधी व्हॉल्व्हमधून स्टीम निघतो. सेम साउंड. मग दोन सेकंद, मे बी. माझ्या पुढच्या ट्रकमध्ये ओर्टिझ होता. दार जॅम झाला होता. काच फोडत होतो मी, हाताने. आत तो पण फोडत होता." पूल आला. त्याने गाडी झटक्यात डावीकडे घेतली. "काच खूप चांगली बनवतात आर्मीमध्ये," तो म्हणाला.

अशा माणसाला काकांनी मॅनेजर केलं होतं.

वर्कशॉपमधल्या पंचिंग मशीनचा दणका बाहेर पार्किंगपर्यंत ऐकू यायचा. पहिल्याच आठवड्यात फोरमन डेल काहीतरी विचारायला मागून आला आणि नंदूदादाने त्याचा जबडा मोडला. काका हॉस्पिटलमध्ये डेलच्या उशाशी बसून राहिले. डेल जुना माणूस, त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. त्यानंतर नंदूदादा महिन्यातून एखाद्या रविवारी, मशीनं बंद असताना, वर्कशॉपमध्ये जाऊन झाडू मारून येई. पगार मात्र दर महिन्याला निघत होता. काचेच्या केबिनवर पितळी पाटी होती: एन. के. पाटणकर, मॅनेजर. काकांनी ती स्वतः, आपल्याच मशीनवर कोरली होती.

हे सगळं कशासाठी, ते कळायला मला मंडळाच्या गणपतीला जावं लागलं. एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की तिथे प्रत्येकाला एकच प्रश्न. मुलगा काय करतो? मुलगी काय करते? डॉक्टर, पर्ड्यूला आहे, बोस्टनला असते. काकांना कुणी विचारलं की ते थाळी डाव्या हातात घेऊन ताठ होत. "नंदू ना? माझ्याकडेच आहे. मॅनेजर. सगळं तोच बघतो." म्हणताना त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. मला वाटतं, रोज म्हणून म्हणून त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

त्या दिवशी नंदूदादा भिंतीला पाठ लावूनच जेवत होता. गोडाचं घ्यायला म्हणून टेबलापाशी आला, तेवढ्यात भिडे नावाचे एक गृहस्थ, मंडळाचे विनोदी सूत्रसंचालक, मागून आले. "काय मॅनेजरसाहेब! आमचा पण बायोडेटा घ्या की! बसून पगार देणारी कंपनी शोधतोय!" आणि पाठीवर जोरात थाप मारली. बरोबर त्या मणक्यांवर.

पुढचं दोन श्वासांत झालं. भिड्यांची मनगटं त्यांच्याच पाठीमागे गेली, तोंड श्रीखंडाच्या ट्रेमध्ये गेलं, टेबल मोडलं. नाकातलं रक्त श्रीखंडात मिसळून गुलाबी झालं. नंदूदादाचा गुडघा त्यांच्या मानेवर होता. बायका मुलांना घेऊन भिंतींकडे पळाल्या. मोदकाचा ट्रे हातात धरून एक काकू नुसत्याच "अगं बाई, अगं बाई" करत होत्या. पाटणकर काकूंनी पुढे जाऊन त्यांचे ते शब्द म्हटले, तीन-चारदा. मग कुठे गुडघा निघाला.

भिडे रुमाल नाकाला लावून ओरडले, "वेड लागलंय ह्याला! पाटणकर, ह्याला कुठेतरी ठेवा!"

काकांनी आधी जमिनीवरची पुरी उचलली, कडेला ठेवली. "ओव्हरटाइम चाललाय हो," ते म्हणाले. "मोठी ऑर्डर आहे. झोप होत नाही त्याची."

घरी जाताना मागच्या सीटवर नंदूदादा माझ्या शेजारी होता. बोटांमध्ये श्रीखंड वाळलं होतं. तो खिडकीकडे बघत इंग्रजीत म्हणाला, आणि हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, "मला इथून निघायला पाहिजे. नाहीतर एक दिवस हे दोघं असतील. भिडे नाही. हे दोघं." पुढे काका गाडी चालवत होते. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी रेडिओ लावला.

निघायचं तर पैसे हवेत, आणि नोकरी तो करू शकत नव्हता. युद्धातल्या इजेमुळे ज्याला कुठलीच नोकरी टिकवता येत नाही, त्याला सरकार पूर्ण भत्ता देतं. त्यावर उत्तरेकडे कुठेतरी, जिथे शेजारी दिसत नाहीत अशा ठिकाणी, एखादी केबिन घेऊन राहायचं, एवढाच त्याचा बेत. अर्ज केला होता. नामंजूर झाला. कारण एका ओळीचं होतं: अर्जदार नोकरीत आहे. मॅनेजर आहे.

तेव्हा घरी रे येऊ लागला. रे म्हणजे व्हिएतनामला जाऊन आलेला, पांढऱ्या वेणीचा म्हातारा. माजी सैनिकांचे असे अर्ज तो फुकट लढवायचा. काकूंच्या हातचा चहा पिताना तो काकांना समजावायचा. "केशव, नियम सोपा आहे. जी नोकरी बाहेरचा कुठलाही मालक एक आठवडा ठेवणार नाही, ती बापाने ठेवली तर ती नोकरी नव्हे, आसरा आहे. आसरा मोजत नाहीत. पण ते तुला त्यांच्यासमोर सांगावं लागेल. तोंडाने."

"सांगतो," काका म्हणाले. "सत्य ते सांगतो."

फेरसुनावणी डेट्रॉइटला होती. मला साक्षीला नेलं, कुकरच्या दिवसाबद्दल सांगायला. घरातल्यांपेक्षा बाहेरच्याचं जास्त ऐकतात, असं रेचं म्हणणं. व्हिसावरच्या माणसाने सरकारी ऑफिसात पाऊल ठेवू नये असं मला वाटत होतं, तरी गेले. छोटी खोली, टेबलावर टेपरेकॉर्डर, समोर चष्मा लावलेल्या, थकलेल्या, सभ्य अशा एक अधिकारी बाई. मी माझं चार वाक्यांत सांगितलं. मग त्यांनी काकांना विचारलं, "मिस्टर पाटणकर, हा तुमचा मुलगा नसता, तर तुम्ही त्याला कामावर ठेवलं असतं का?"

रेने मान हलकेच खाली-वर केली. बोल.

काकांनी कोटाचं बटण लावलं. "मॅडम," ते म्हणाले, "माझा मुलगा अतिशय कष्टाळू आहे. तो माझा मुलगा नसता, तरी असा माणूस मिळाला म्हणून मी स्वतःला नशीबवान समजलो असतो."

टेप फिरत होती. रेने डोळे मिटून घेतले. नंदूदादाने मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला.

पुन्हा नामंजूर. पत्र आलं त्या दिवशी तो गॅरेजमधला मोठा हातोडा घेऊन वर्कशॉपवर गेला. आम्ही पोचेपर्यंत केबिनची एक काच शिल्लक नव्हती. टेबल उभं चिरलं होतं. पितळी पाटी ऐरणीवर ठेवून तो तिच्यावर घाव घालत होता. पाटी पापडासारखी पातळ झाली होती, तरी तो थांबत नव्हता. कामगार भिंतीला चिकटून उभे होते. डेलने न सांगता मेन स्विच बंद केला होता. मशीनं थांबली होती आणि नुसता हातोड्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवी पाटी कोरायला घेतली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या दोघांचं जे झालं ते मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून पाहिलं.

"बाबा, नवीन पाटी?"

"काच उद्या बसेल. पाटी हवीच ना."

"एकदा म्हण. जस्ट वन्स. मी कामाचा नाही. म्हण."

"काहीतरीच काय बोलतोस? सगळं ठीक होणार आहे."

"त्या बाईला नाही, मला म्हण! माझा तोंडावर म्हण! नंदू इज ब्रोकन. नंदू कामाचा नाही."

"माझ्या तोंडून ते येणार नाही," काका म्हणाले. "मी बाप आहे तुझा."

नंदूदादाने त्यांना शर्टच्या दोन्ही कॉलरना धरून उचललं. सत्तरीचा माणूस, पाय जमिनीवरून सुटले, चष्मा एका कानावर लोंबला. भिंतीवर आपटले तसं तिथलं कॅलेंडर खाली आलं आणि काकांचं डोकं बरोबर मागच्या त्या भोकावर आदळलं. मनगट काकांच्या गळ्यावर होतं. चेहरा लाल, मग जांभळट झाला. काकू म्हणत होत्या, "नंदू, आपण घरात आहोत, नंदू, आपण घरात आहोत," आणि या वेळी त्यांचाच आवाज कापत होता.

"आय नो," तो म्हणाला. "माहिती आहे मला, आई. घरातच आहोत."

ते ऐकून मला जे वाटलं ते आजही अंगावर येतं. आजवर दर वेळी तो दुसरीकडे कुठेतरी असायचा. या वेळी तो इथेच होता.

त्यानेच हात सोडले. काका भिंतीवरून घसरत खाली बसले. केसांत चुन्याची भुकटी होती. खोकला थांबेपर्यंत काकू त्यांची पाठ चोळत राहिल्या. नंदूदादा बेसमेंटमध्ये गेला आणि त्याने आतून कडी लावली. नंतर कळलं, बाहेरूनही लावा, असं तो काकूंना सांगत होता. काका बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले. मग काकू ते उचलून खिळ्याला लावायला गेल्या, तेव्हा म्हणाले, "राहू दे. नको लावू."

पुढल्या हिवाळ्यात रेने नवा अर्ज घालून पुन्हा सुनावणी मिळवली. काकांना मोतीबिंदू, म्हणून त्यांची गाडी मी चालवली. काकू घरी थांबल्या. तीच खोली, त्याच बाई, तोच प्रश्न. हा तुमचा मुलगा नसता, तर?

"मॅडम, मी गेज बनवतो," काका म्हणाले. त्यांनी बटण लावलं नाही. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "आमच्याकडे भाग मापात बसला तर पास, नाहीतर लाल पेटीत जातो. एक दिवससुद्धा ठेवलं नसतं मी ह्याला. पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं." मग एखादा तपासणीचा अहवाल वाचावा तसे ते सांगत गेले. डेलचा जबडा. भिड्यांचं नाक. रविवारचा झाडू. पगार कशाचा होता. भिंतीत किती भोकं, कुठे कुठे. शेवटी त्यांनी मफलर काढून, मनगट कुठे रुतलं होतं ते मानेवर बोट ठेवून दाखवलं. "हा माणूस कामाचा नाही, मॅडम. आता कधी होईल असंही मला वाटत नाही."

हे सगळं त्यांनी नंदूदादाकडे न बघता सांगितलं. मी त्याच्याकडे बघत होते. भिड्यांना लोळवताना, बापाचा गळा धरताना मी त्याचा चेहरा पाहिला होता, पण असा नाही. त्याने हे वाक्य मागितलं होतं, त्यासाठी हातोडा उचलला होता. आता ते आल्यावर तो खुर्चीत असा बसला होता, जणू छातीत काहीतरी घुसलंय आणि हललं तर आणखी आत जाईल. त्याचा उजवा हात अगदी स्थिर होता.

वसंतात भत्ता मंजूर झाला. तोवर मी दुसऱ्या राज्यात, आयसेलिनला, नव्या प्रोजेक्टवर आले होते, हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. त्याने उत्तरेला तळ्याकाठी केबिन घेतली. काकू महिन्यातून एकदा जातात आणि गाडी दूर उभी करून हॉर्न वाजवतात. काकांनी वर्कशॉप डेलला विकलं. "आणि मंडळात कुणी विचारलं तर?" मी न राहवून विचारलं. काकू हसल्या. "हे सांगतात, नंदू रिटायर झाला. अमेरिकेत लवकर रिटायर होता येतं म्हणतात."

त्यानंतर मी नंदूदादाला पाहिलं नाही. मला शेवटचा दिसतो तो त्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये.

सुनावणी संपवून आम्ही बाहेर आलो. रे हात मिळवून निघून गेला. आत होतो तेवढ्यात गाडीच्या पुढच्या काचेवर बर्फाचा थर जमला होता. काकांनी डिकीतून खरवडणी काढली. मी घेते म्हटलं, त्यांनी दिली नाही. खरवडायला लागले. आधी नेहमीसारखं, वरून खाली. त्यांनी तीस वर्षं अशाच गाड्या बनवल्या होत्या. या गाडीवर पक्षी बसला तरी ते रुमाल काढत. मग खरवडणीचा आवाज बदलला. ते ती उलटी धरून दांड्याने बर्फावर मारत होते. मग बर्फ सुटला तरी काचेवर मारत होते. काचेला तडा गेला. वायपर तुटून उडाला. त्यांनी हेडलाइटवर घाव घातला, दुसऱ्यावर घातला, मग बॉनेटवर, एकामागून एक. दर घावाला तोंडातून नुसता हुंकार निघत होता. टोपी पडली होती. बोटं फुटून बॉनेटवर रक्ताचे ठिपके पडत होते. मी किल्ली हातात धरून नुसती उभी होते.

नंदूदादा दहा पावलं मागे होता. तो तिथूनच मोठ्याने म्हणाला, "बाबा, मागून येतोय."

मग आला. दोन्ही हातांनी त्याने काकांना मागून कवेत घेतलं, त्यांचे दंड अंगाशी दाबून धरले, हनुवटी त्यांच्या उघड्या डोक्यावर टेकवली. खरवडणी खाली पडली. काका झटापट करत होते, पाय झाडत होते.

"झालं, बाबा," तो म्हणत होता. गाड्या येत-जात होत्या, वाऱ्याने बर्फ आमच्या तोंडावर येत होता. "झालं. आपण घरात आहोत. बाबा, आपण घरात आहोत."